जागा सोडलेले फोल्डर

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

नव्या डायरीची पहिली सहा पानं कोरी गेली, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. आज घडलं. कॉम्प्युटरमधला डॉक्युमेंट्स नावाचा फोल्डर जागेवर नव्हता. अर्धा तास शोधल्यावर तो म्युझिक नावाच्या फोल्डरच्या पोटात सापडला. त्यात आमचं पुस्तक आहे. पुस्तक गाण्यांत जाऊन बसायला त्याला पाय फुटलेले नाहीत. कोणीतरी नेऊन ठेवलं.

विमानाचे सुटे भाग करणाऱ्या सरकारी कारखान्यात मी चौतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. माझा शिक्का पडल्याशिवाय एक वॉशरही बाहेर जात नसे. तेव्हा वस्तू आपोआप जागा सोडते असं मला कोणी सांगू नये.

पुस्तकाचं नाव 'कानस आणि हात'. कानशीनं धातू कसा घासायचा, हाताला सपाटपणा कसा कळतो, हे सगळं दयानंद सांगतो आणि मी टाईप करतो. दयानंद आमच्या कारखान्यातला फिटर, मूळचा निपाणीचा. त्यानं करायचं आणि मी तपासायचं, असं आमचं चौतीस वर्षं चाललं. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. निवृत्तीनंतर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, यशवंतपूरला राहतो, दर मंगळवारी आणि गुरुवारी मेट्रोनं इंदिरानगरला आमच्याकडे येतो. निपाणीच्या एका तंत्रशाळेला पुस्तक फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवं आहे. अठरापैकी तेरा प्रकरणं झाली आहेत. ही कामगिरी बुडाली तर दयानंदच्या हातातलं सगळं त्याच्याबरोबरच जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

या घरात तीन माणसं कॉम्प्युटरजवळ जातात. मी, माझी बायको विद्या आणि दयानंद. मला वगळलं की दोन उरतात.

गुरुवार, ९ जानेवारी

फोल्डर जागेवर नेऊन ठेवला होता. आज पिक्चर्स गायब. तो डेस्कटॉपच्या आत निघाला.

विद्याला विचारलं. ती म्हणाली, मी फक्त आपल्या प्रांजलीशी व्हिडिओवर बोलायला बसते, तुमच्या फोल्डरांशी माझं काय वैर? प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. शिवाय ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या शर्टाकडे पाहत होती. वरून दुसरं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. हल्लीचे शिंपी काज अरुंद ठेवतात.

दाढी करताना आज पुन्हा कापलं. ब्लेडचा दर्जा पार घसरला आहे. कंपनीला पत्र लिहावं म्हणतो.

रविवार, १२ जानेवारी

सकाळी पाहतो तर टेबलावर नवाच माऊस. जुन्यापेक्षा जड, मोठा, तळाला रबर लावलेला. विद्या म्हणाली, दयानंदभाऊंनी गुरुवारी आणून ठेवला, जुना बिघडला होता म्हणे, मी आज लावला. जुना बिघडला होता हे मला कसं कळलं नाही? आणि आणून ठेवला तर मला का नाही सांगितलं? आमच्या खात्यात न सांगता हत्यार बदलणाऱ्याला मेमो मिळत असे.

अजून एक. माऊसचा बाण पूर्वीपेक्षा हळू चालतो. कोणीतरी सेटिंग बदललं आहे. म्हणजे हा माणूस कॉम्प्युटरच्या आतल्या खोलीपर्यंत जातो.

प्रांजलीचा पुण्याहून फोन आला. मी तिला फोल्डरांचं सांगितलं. ती कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे, पण फोल्डरांबद्दल एक शब्द न बोलता मला विचारत बसली की बाबा, झोप लागते का, चहा किती वेळा घेता, आजोबांना म्हातारपणी काय त्रास होता. मी म्हटलं, आजोबांना कॉम्प्युटरचा त्रास नव्हता. ती हसली नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. समोरच्या कावेरी अक्कांनी तीळ, गूळ, खोबऱ्याची वाटी आणि उसाचं कांडं दिलं. आमचे तिळाचे लाडू त्यांना गेले. दयानंदनं निपाणीहून आलेला गूळ आणला. गोड बोलायचा दिवस, म्हणून मी काही विचारलं नाही, फक्त लक्ष ठेवलं.

लक्ष ठेवल्याचं चीज झालं. अकराच्या सुमारास मी बाथरूममधून आलो तेव्हा स्वयंपाकघरात विद्या आणि तो खालच्या आवाजात बोलत होते. मी दाराशी थांबलो. विद्या म्हणत होती, "तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील." तो म्हणाला, "माझ्या तोंडून नको वहिनी, अपमान वाटंल." मी खाकरलो. दोघेही तिळाच्या भावावर बोलू लागले.

कशाचा अपमान? पुस्तकावर माझं नाव नको, हेच ना? सांगतो तो, त्यामुळे नाव त्याचं एकट्याचं, असा हिशेब असणार. तसं असेल तर तोंडावर म्हणावं. मी मनानं इतका कोता आहे का? खरं लिहायचं तर थोडा आहे. मला त्या मुखपृष्ठावर नाव हवं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारले, स्वतःचं म्हणून हे पहिलं.

जेवताना आमटी सांडली. या नव्या वाट्यांचं बूड सपाट नाही, मी एक उलटी करून विद्याला दाखवली. ती पुसत राहिली.

गुरुवार, १६ जानेवारी

आज कहर झाला. मराठी टाईप करण्याचा प्रोग्रामच उघडेना. अक्षरांऐवजी चौकोन. दुपारपर्यंत खटपट केली तेव्हा दिसलं की त्या प्रोग्रामचा फोल्डर आपली जागा सोडून शेजारच्या फोल्डरात गेला आहे. ही काही गाण्यांची आणि फोटोंची खोली नव्हे, कॉम्प्युटरचं यंत्रघर आहे. इथली वस्तू हलवायची तर तो परवानगी मागतो. म्हणजे ज्यानं हलवली त्यानं 'होय' म्हटलं. चुकून होणारी गोष्ट नाही.

दिवस वाया गेला. चौदावं प्रकरण अर्धंच राहिलं. दयानंद शांत बसून होता. त्याला घाई कशी नाही? मी प्रोग्राम परत ठेवण्याच्या नादात असताना तो म्हणाला, साहेब, आज राहू द्या, नुसतं बोलू. मी म्हटलं, बोलून पुस्तक होत नाही.

आणि मग पाहिलं. मी पाणी प्यायला उठलो आणि परत आलो तर त्यानं कॉम्प्युटरच्या मागून काहीतरी उपसून खिशात टाकलं. बोटाएवढा पेन ड्राईव्ह. मी पाहिलं हे त्याला कळलं नाही.

हे लिहिताना पेन दोनदा बदललं. एकाचीही शाई सरळ उतरत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

रात्रभर एकच विचार. दयानंद पुस्तक उचलून नेतो आहे. इकडे फोल्डर हलवून माझं काम अडवायचं, तिकडे स्वतःच्या नावानं देऊन टाकायचं. मन म्हणतं, दयानंद असं करणार नाही. पण कारखान्यात मनाला विचारून कधी शिक्का मारला नाही. मोजून मारला.

प्रांजलीला फोन करून स्क्रीनवर जे घडेल ते चित्रित करणारा प्रोग्राम टाकून घेतला. कारण सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, आणि हेही मला विचित्र वाटलं. पडद्यावर काय हललं, किती वाजता हललं, सगळं त्यात साठेल. मंगळवारी सकाळी चालू करून ठेवणार.

मंगळवार, २१ जानेवारी

क्रमानं लिहितो. पुढे लागेल.

सकाळी दहाला कॉम्प्युटर सुरू केला, चित्रण चालू केलं. विद्या भाजीला गेली होती. सगळे फोल्डर जागेवर आहेत ना, हे एकेकावर क्लिक करून तपासलं. रोजच तपासतो. मग अंघोळीला गेलो. दयानंद मेट्रोच्या गर्दीमुळे दहा पंचवीसला आला. अकराला पुस्तक उघडायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणाला, डेस्कटॉप ज्या जागी असायला हवा त्या जागी सापडत नाही. पडदा रिकामा. तेरा प्रकरणं, चौदावं अर्धं, सगळं त्या पडद्यामागे.

मी वळलो आणि म्हटलं, "खिशातलं काढ."

तो खुर्चीवरून अर्धा उठला. मी म्हटलं, "पुस्तक कुठं नेतोस ते मला कळलंय. चौतीस वर्षं तुझ्या कामावर डोळे झाकून शिक्का मारला असता तरी चाललं असतं, असं मी लोकांना सांगायचो. चुकलो."

विद्या भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, अहो, थांबा. मी थांबलो नाही. मी चोर हा शब्द वापरला. आता लिहिताना पाहतोय, वापरलाच.

दयानंदनं खिशातून पेन ड्राईव्ह काढला, टेबलावर ठेवला. डबा पिशवीत घातला. दारात चपला घालायला त्याला वेळ लागला, कारण त्याला खाली वाकलं की चक्कर येते. मी एरवी त्याला खुर्ची देतो. आज दिली नाही. "येतो वहिनी," एवढंच म्हणाला आणि गेला.

विद्यानं माझं ताट वाढून झाकून ठेवलं आणि स्वतः आत जेवली. आरोपीची बाजू घेणारे असतातच.

बुधवार, २२ जानेवारी

पुरावा पाहायला बसलो. आधी पेन ड्राईव्ह उघडला. त्यात पंधरा फोल्डर होते, प्रत्येकावर तारीख. नोव्हेंबरच्या शेवटापासूनच्या तारखा. प्रत्येकात आमचं पुस्तक, त्या दिवसापर्यंत जेवढं झालं तेवढं. फाईलला त्यानं नाव दिलं होतं, 'साहेबांचं पुस्तक'.

याचा अर्थ मला लावता येईना. मग चित्रण लावलं.

दहा वाजून बारा मिनिटं. बाण पडद्यावर येतो. सरळ येत नाही, थरथरत येतो. डाउनलोड्सवर जातो, क्लिक करायला दाबतो, पण बोट वेळेवर सुटत नाही. फोल्डर बाणाला चिकटतो, उचलला जातो, हेलकावे खातो आणि शेजारच्या फोल्डरात पडतो. ज्यानं पाडला त्याला पत्ताही नाही, बाण पुढच्याकडे निघालेला. मग डेस्कटॉप. तसंच. तिथे कॉम्प्युटर विचारतो, खरंच हलवायचं का. बाण 'होय' भोवती तीनदा घुटमळतो आणि चौथ्यांदा दाबतो. न वाचता सही करणारा माणूस.

मी चार वेळा पाहिलं. वहीच्या कागदावर अहवाल लिहिला: काम करणाऱ्याचा हात स्थिर नाही. दाब आणि सोड यांत अंतर आहे. सूचना वाचत नाही. आपण काय बिघडवलं याची जाणीव नाही. असा हात मी कुठल्याच यंत्रावर ठेवू दिला नसता.

आता प्रश्न उरतो, हा हात कोणाचा. दहा बाराला दयानंद आलेलाच नव्हता. विद्या भाजीला. म्हणजे बाहेरून कोणीतरी शिरतं आहे. वर्तमानपत्रात येतंच की, घरबसल्या दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवतात. कोणीतरी म्हातारा, सराव नसलेला माणूस असावा.

दयानंदला फोन करावा का? केला. उचलला नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

तो येण्याचा दिवस. आला नाही.

विद्याला बोलावून चित्रण दाखवलं. म्हटलं, बघ, कोणीतरी बाहेरचा आहे, दयानंद सुटला. तिनं पूर्ण पाहिलं. मग माझा अहवाल वाचला. कागद घडी करून हातात धरून बसली. मी म्हटलं, बोल. तिनं माझा उजवा हात धरून टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला.

"दहा बाराला खुर्चीवर कोण होतं?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहत होतो. तिच्या हाताखाली तो हलत होता.

मग तिनं सगळं सांगितलं. माऊस जड आणला, बाण हळू केला, पुस्तक हरवू नये म्हणून दर वेळी प्रत काढून ठेवली, हे सगळं दयानंदचं. डॉक्टरांची वेळ घ्यायची म्हणून महिनाभर ती आणि तो मला कसं सांगावं यावर बोलत होते. प्रांजलीलाही ठाऊक होतं. घरात फक्त मला ठाऊक नव्हतं, असं ती म्हणाली.

आमच्या खात्यात पहिला नियम होता, जो काम करतो त्यानं ते तपासायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं. मी फोल्डर तपासत होतो आणि तपासता तपासता हलवत होतो.

मला राग आला. तिचा नाही. कोणाचा ते कळेना म्हणून वाटी फेकली. ती स्टीलची, तिला काय होणार.

शुक्रवार, २४ जानेवारी

काही नाही.

रविवार, २६ जानेवारी

यशवंतपूरला गेलो. विद्या येते म्हणाली, मी नको म्हटलं. तिथल्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडताना कार्ड दोनदा हातातून पडलं. मागच्या मुलीनं उचलून दिलं, "स्वल्प इरी अंकल", जरा थांबा काका, असं कानडीत म्हणून माझा हात धरून फाटकातून नेलं. मी पहिल्यांदाच कोणाला नेऊ दिलं.

दयानंदच्या गल्लीत झेंडावंदन आटोपून मंडळी बुंदीचे लाडू वाटत होती. तो पायरीवर बसला होता. मला पाहून उठला नाही. मीही शेजारी बसलो. मी वाटेत बरंच काही जुळवून नेलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, चुकलो.

त्यानं हातातला लाडू बाजूला ठेवला. मग म्हणाला, "चौतीस वर्सं तुम्ही माझं काम तपासलासा. कवा राग आला न्हाई. परवा तुम्ही मला तपासलासा."

मी हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"हात दावा," तो म्हणाला.

मी दाखवला. त्यानं तो आपल्या तळव्यावर घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला. सुटा भाग धरायचा तसा. "कवापासनं?"

मी म्हटलं, तुला ठाऊक आहे की.

"मला हाय. तुमच्या तोंडून पायजे."

विद्या म्हणाली होती की घरात फक्त मला ठाऊक नव्हतं. ते खरं नाही. ही डायरी फक्त माझी आहे आणि हिच्यातही मी खोटं लिहीत आलो. ब्लेडवर लिहिलं, शिंप्यावर लिहिलं, वाटीवर लिहिलं. मी त्याला सांगितलं, "दिवाळीपासून. पणतीत तेल ओतताना कळलं. सगळं तेल रांगोळीवर गेलं, आणि मी कावेरी अक्कांच्या मांजरावर ढकललं."

सांगितल्यावर मला रडू आलं. अडुसष्टाव्या वर्षी भर गल्लीत. बुंदी वाटणारे दुसरीकडे पाहू लागले. दयानंदनं माझा हात सोडला नाही, पण धीराचं वगैरे काही बोलला नाही. मला वाटलं होतं बोलेल. निघताना मी विचारलं, मंगळवारी येशील का. तो म्हणाला, "बघू." त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही आणि जाऊही नये इतक्या लवकर.

मंगळवार, २८ जानेवारी

दहापासून दारावर कान होता. दयानंद आला नाही.

पेन ड्राईव्हमधून पुस्तक परत कॉम्प्युटरवर विद्यानं घेतलं. मी शेजारी बसून सांगितलं, तिनं केलं. तेरा प्रकरणं शाबूत आहेत. मुखपृष्ठावर मी फक्त त्याचं नाव घालायला लावलं. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. मला भीती वाटते. हात गेला तर गेला, पण आणखी काय काय त्याच्या मागोमाग जाणार, याची.

गुरुवार, ३० जानेवारी

दहा दहाला बेल वाजली. दयानंद. चपला काढायला मी खुर्ची दिली, तो बसला.

मुखपृष्ठ पाहून म्हणाला, ह्यात एक नाव कमी हाय. मी म्हटलं, आता टाईप करणारा मी नाही. तो म्हणाला, तपासणारं तर तुम्हीच हायसा. त्यानं मला उठवलं आणि माझ्या खुर्चीवर स्वतः बसला. मराठी शाळेत दहावी झालेला माणूस, एका बोटानं एकेक अक्षर शोधत. मी मागे उभा. कुठल्याच प्रकरणात नसलेला, मला कधीही न सांगितलेला मजकूर तो लिहीत होता. दीड तासात एवढाच झाला:

"कुणाकुणाचा हात म्हातारपणी थरथरतो. माझ्या गुरूचा बी थरथरायचा. त्यात लाज न्हाई. काम छातीजवळ घ्यावं. कोपर टेबलावर टेकवावं. दम सोडून मग हात चालवावा. काम हुतंय. उशीर लागतो एवढंच."

एरवी त्याचं बोलणं मी शुद्ध करून टाईप करायचो. आज त्यानं मागे वळून म्हटलं, "तपासा साहेब."

मी सगळं दोनदा वाचलं. म्हटलं, बरोबर आहे, एकही अक्षर बदलायचं नाही.

तो जेवून गेला. मंगळवारी येतो म्हणाला.

ही नोंद कोपर टेकवून लिहिली. उशीर लागला.